प्रवाळभित्ती व सूक्ष्मजीव : सहजीवनविचाराचा इतिहास

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रांत भित्ती बांधणारे प्रवाळ-प्राणी आणि त्यांच्या ऊतकांत, अंगावरील श्लेष्मात व सांगाड्यात वस्ती करणारी एककोशिक शैवले, सूक्ष्मजंतू इ. सूक्ष्मजीव यांच्यातील परस्परसंबंधांस प्रवाळांचे सूक्ष्मजीव-सहजीवन म्हणतात. प्रवाळभित्तीचे अस्तित्व सर्वस्वी या सहजीवनावर अवलंबून असते. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा केवळ १° से.ने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर हे सहजीवन मोडते व प्रवाळ पांढरे पडतात. या घटनेला विरंजन म्हणतात. जलवायुमानातील बदलामुळे विरंजनाचे प्रसंग वारंवार येऊ लागल्यापासून, ज्या सूक्ष्मजीवांची साथ सुटल्याने प्रवाळ मरतात, तेच सूक्ष्मजीव त्यांना वाचवू शकतील काय, हा सागरी जीवविज्ञानातील एक महत्त्वाचा प्रश्न झाला आहे. या सूक्ष्मजीवांसंबंधीच्या कल्पना गेल्या सु. दीडशे वर्षांत अनेकदा बदलल्या असून आजच्या आशा व शंका यांची मुळे त्या जुन्या मतभेदांत सापडतात.

पिवळ्या कोशिका : एकोणिसाव्या शतकातील सूक्ष्मदर्शक-निरीक्षकांना रेडिओलॅरिया हे प्रजीव, समुद्रपुष्पे व प्रवाळ यांच्या शरीरात गोल, पिवळसर तपकिरी कोशिका आढळत. त्या प्राण्याच्याच ग्रंथी असाव्यात असा बराच काळ समज होता. १८७१ मध्ये त्सेनकोव्हस्की यांनी रेडिओलॅरिया मेल्यानंतरही या कोशिका जिवंत राहतात व वाढतात असे दाखविले. तेव्हा त्या परक्या असल्या पाहिजेत हे उघड झाले. १८७९ मध्ये डी बारी यांनी भिन्न जातींच्या जीवांच्या एकत्र राहण्याला सहजीवन ही संज्ञा रूढ केली. त्यानंतर थोड्याच काळात, १८८१ मध्ये, जर्मन प्राणिवैज्ञानिक कार्ल ब्रांट यांनी या पिवळ्या कोशिका म्हणजे शैवले होत असे प्रतिपादन करून त्यांना ‘झूझँथेला’ हे नाव दिले. प्राण्याच्या अंगात अशी शैवले पुरेशी झाली की, तो वनस्पतीप्रमाणेच प्रकाशावर जगतो, असेही त्यांनी सुचविले. स्कॉटिश जीववैज्ञानिक पॅट्रिक गेडिस यांनी १८८२ मध्ये समुद्रपुष्पे उन्हात ठेवून त्यांच्यापासून निघणारा वायू तपासला व त्यात ऑक्सिजनाचे प्रमाण मोठे असल्याचे दाखविले. हेच गेडिस पुढे नगररचनाकार म्हणून प्रसिद्धीस आले व १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या आरंभीच्या या प्रयोगांची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.

या शोधाचे महत्त्व प्रवाळभित्तींच्या बाबतीत विशेष होते. चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये प्रवाळभित्तींच्या रचनेचा सिद्धांत मांडल्यापासून भित्ती कशी वाढते याची चर्चा चालू होती. परंतु उष्ण कटिबंधातील स्वच्छ निळे पाणी पोषक द्रव्यांच्या दृष्टीने दरिद्री असताना तेथे जीवांची एवढी दाटी कशी नांदते, हे कोडे शिल्लकच होते. १८९९–१९०० मध्ये मालदीव व लक्षद्वीप बेटांची पाहणी करणारे ब्रिटिश प्राणिवैज्ञानिक जे. स्टॅन्ली गार्डिनर यांनी शैवले हाच प्रवाळांच्या पोषणाचा मुख्य आधार असावा असे मत दिले होते.

लो बेटांवरील प्रयोग : हे मत पुढे मागे पडले. १९२८–२९ मध्ये सी. एम्. यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश वैज्ञानिकांच्या एका तुकडीने ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यालगतच्या लो बेटांवर सु. एक वर्ष मुक्काम केला. ग्रेट बॅरिअर रीफ या प्रचंड रोधक प्रवाळभित्तीचा शरीरक्रियावैज्ञानिक दृष्टीने केलेला हा पहिला मोठा अभ्यास होय. यंग व ए. जी. निकोल्स यांनी प्रवाळ अंधाऱ्या पेट्यांत ठेवून पाहिले. शैवले हळूहळू नाहीशी झाली, पण भक्ष्य मिळत राहिलेले प्रवाळ जगले. प्रवाळांचे पचनरस प्राणिज अन्नासाठीच योग्य आहेत असेही त्यांना आढळले. यावरून प्रवाळ हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी असून शैवले त्याला अन्न पुरवीत नाहीत, तर त्याच्या शरीरातील कार्बन डाय-ऑक्साइड व इतर टाकाऊ द्रव्ये दूर करतात, असा निष्कर्ष यंग यांनी काढला. प्रयोग काटेकोर होते आणि यंग यांचा अधिकारही मोठा होता, त्यामुळे सु. पाव शतक हेच मत प्रमाण मानले गेले. आज पाहता त्यातील उणीव स्पष्ट दिसते. प्रवाळ शैवलांवाचून काही काळ जगू शकतो एवढे प्रयोगाने सिद्ध झाले होते. निसर्गात तो कशावर जगतो हे सिद्ध झाले नव्हते.

याच अभ्यासात यंग व निकोल्स यांनी आणखी एक गोष्ट नोंदली होती. पाणी फार तापले की, प्रवाळ आपली शैवले बाहेर टाकतात. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदीकडे पुढील पन्नास वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६३ मधील ‘फ्लोरा’ चक्रीवादळानंतर जमेका बेटाच्या किनाऱ्यावर अतिवृष्टीच्या गोड्या पाण्यामुळे प्रवाळांनी मोठ्या प्रमाणावर शैवले टाकल्याचे टॉमस गोरो यांनी १९६४ मध्ये वर्णन केले. तेही एक स्थानिक नवल म्हणूनच वाचले गेले.

अन्नपुरवठ्याचा पुरावा : शैवलांची ओळख पटण्यास दरम्यान वेगळ्याच दिशेने मदत झाली. पलाऊ बेटांवरील जपानी संशोधन केंद्रात सिरो कावागुती यांनी प्रवाळातील शैवले वेगळी काढून वाढविली, तेव्हा त्यांच्यापासून कशाभिका असलेल्या पोहणाऱ्या कोशिका तयार झाल्या. यावरून ही शैवले डायनोफ्लॅजेलेट या प्लवकांच्या गटातील आहेत हे १९४४ मध्ये निश्चित झाले. १९६२ मध्ये ह्यूगो फ्रॉइडेंथाल यांनी जेलीफिशमधील अशा शैवलाला ‘सिंबायोडिनियम मायक्रोअ‍ॅड्रिअ‍ॅटिकम’ हे शास्त्रीय नाव दिले व पुढे जगभरच्या प्रवाळांतील शैवले याच एका जातीची मानण्याची प्रथा पडली. ही प्रथा सोयीची होती, पण तिने एका मोठ्या विविधतेवर सु. तीस वर्षे पडदा टाकला.

१९५५ मध्ये ओडम बंधूंनी पॅसिफिक महासागरातील एनिवेटॉक या कंकणद्वीपावरील भित्तीचा ताळेबंद मांडला. भित्तीतील वनस्पतिद्रव्य अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त असून भित्ती आपले बहुतेक अन्न स्वतःच निर्माण करते असे त्यांना आढळले. किरणोत्सर्गी समस्थानिक हाती आल्यावर वाद मिटला. गोरो यांनी कॅल्शियमाचा किरणोत्सर्गी समस्थानिक वापरून प्रकाशात प्रवाळांचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी जलद वाढतो असे १९५९ मध्ये दाखविले. लेनर्ड मस्कॅटीन यांनी कार्बन (१४) चा वापर प्रथम समुद्रपुष्पावर (१९५८) व नंतर एल्सा सेर्निकिआरी यांच्यासमवेत प्रवाळांवर (१९६९) केला. शैवलांनी प्रकाशसंश्लेषणाने बनविलेली द्रव्ये ग्लिसरॉल इ. रूपांत प्राण्याच्या ऊतकांत उतरतात, हे त्यामुळे निर्विवाद ठरले. अनुकूल प्रकाशात शैवले आपण बनविलेल्या द्रव्यापैकी ९०% वा त्याहूनही अधिक भाग प्राण्याला देतात असे पुढील अंदाज आहेत. प्रवाळाच्या प्रत्येक चौ. सेंमी. पृष्ठभागात सु. दहा लाख शैवलकोशिका असतात. प्रत्येकीचा व्यास सु. ०·०१ मिमी. एवढाच असतो आणि प्रवाळाचा तपकिरी रंग मुख्यतः त्यांच्यामुळेच असतो. ब्रांट व गेडिस यांचे म्हणणे अशा रीतीने जवळजवळ नव्वद वर्षांनी खरे ठरले.

विरंजन : १९८२–८३ मध्ये एल् निन्योच्या तीव्र प्रादुर्भावाने पूर्व पॅसिफिकमधील पाणी अनेक महिने तापले. पनामा व गालॅपागस येथील प्रवाळ पांढरे पडून मेले. पीटर ग्लिन यांनी या संहाराचे जे तपशीलवार वर्णन केले, त्यानुसार गालॅपागस बेटांवरील बहुतेक सर्व प्रवाळ नष्ट झाले होते. यंग यांच्या पेट्यांतील निरीक्षणाचा खरा अर्थ या वेळी कळला. त्यानंतर १९९८, २०१० आणि २०१४–१७ या काळांत जगव्यापी विरंजने झाली. चौथे जगव्यापी विरंजन २०२३ मध्ये सुरू झाले व एप्रिल २०२४ मध्ये ते अधिकृतपणे जाहीर करण्यात आले. २०२५ पर्यंत जगातील सु. ८४% भित्तिक्षेत्राला या वेळी विरंजन घडवू शकेल एवढी उष्णता सोसावी लागली.

विरंजनाची यंत्रणा आता बरीच स्पष्ट झाली आहे. पाणी तापले असता शैवलाच्या हरितकणूंतील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. परंतु सूर्यप्रकाश येतच राहतो. न वापरल्या गेलेल्या ऊर्जेपासून ऑक्सिजनाची अत्यंत विक्रियाशील रूपे तयार होतात व ती शैवल आणि प्राणी या दोघांच्याही कोशिकांना इजा करतात. प्राणी मग शैवलांना बाहेर टाकतो किंवा पचवितो. म्हणजे ज्या प्रकाशावर प्रवाळाची उपजीविका चालते तोच उष्णतेच्या जोडीने त्याला घातक ठरतो. रंग गेलेला प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेवर निवळले आणि थंड झाले, तर शिल्लक राहिलेली शैवले पुन्हा वाढतात. न झाले, तर तो उपासमारीने व रोगांनी मरतो. या मधल्या काळात सांगाड्याच्या छिद्रांत राहणारी हिरवी शैवले, ऊतकांतून आता अधिक प्रकाश पोहोचू लागल्यामुळे, जोमाने वाढतात. त्यांनी बनविलेले अन्न विरंजित प्राण्याला मिळते असे माओझ फाइन व योसी लोया यांनी भूमध्य समुद्रातील एका प्रवाळजातीत २००२ मध्ये दाखवून दिले.

भागीदार बदलण्याची कल्पना : सर्व प्रवाळांत शैवलाची एकच जाती असते या समजुतीला रॉब रोवन व डेनिस पॉवर्स यांनी १९९१ मध्ये जननिक द्रव्याच्या तुलनेने धक्का दिला. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या शैवलांत इतका जननिक फरक आढळला की, त्यांचे ए, बी, सी, डी असे गट पाडावे लागले. २०१८ मध्ये या गटांना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा देण्यात आला. त्यानुसार ‘सी’ गटास क्लॅडोकोपियम व ‘डी’ गटास ड्युरुस्डिनियम अशी नावे आहेत. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तर एकाच वसाहतीच्या उन्हातील व सावलीतील भागांत निरनिराळी शैवले आढळली.

या पार्श्वभूमीवर रॉबर्ट बुडेमायर व डॅफ्नी फॉटिन यांनी १९९३ मध्ये एक धाडसी कल्पना मांडली. विरंजन ही केवळ आपत्ती नसून जुना भागीदार सोडून परिस्थितीला अधिक योग्य असा नवा भागीदार घेण्याची ती संधी असू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. प्राण्याचा क्रमविकास मंद असतो, कारण त्याच्या पिढ्या लांब असतात. शैवलांची अदलाबदल मात्र एका हंगामात होऊ शकते. अशा अदलाबदलीने प्रवाळ बदलत्या जलवायुमानाशी जुळवून घेऊ शकतील, अशी आशा या विचाराने निर्माण केली. विरंजनात लक्षावधी प्रवाळ मरत असताना त्याला जुळवून घेण्याचे साधन म्हणणे अनेकांना रुचले नाही, हे स्वाभाविक होते.

पुरावा हळूहळू जमा झाला. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील पोसिलोपोरा प्रवाळांच्या ज्या वसाहतींत ‘डी’ गटातील शैवले होती, त्या १९९७ च्या उष्ण काळात विरंजित झाल्या नाहीत. ‘सी’ गटातील शैवले असलेल्या झाल्या. सर्वांत बोलका प्रयोग रे बर्कलमन्स व मॅडलिन व्हान ओपेन यांचा (२००६) होय. त्यांनी ग्रेट बॅरिअर रीफच्या दक्षिणेकडील केपेल बेटांवरून ॲक्रोपोरा मिलेपोरा या प्रवाळाच्या वसाहती अधिक उष्ण अशा मॅग्नेटिक बेटाजवळ नेऊन लावल्या. तेथे विरंजन होऊन सावरताना काही वसाहतींत ‘सी’ ऐवजी ‘डी’ शैवले प्रबळ झाली व त्यांची उष्णता सहन करण्याची क्षमता १° ते १·५° से.ने वाढली. त्याच वर्षी केपेल बेटांवर नैसर्गिक विरंजन झाले, तेव्हा जगलेल्या वसाहतींपैकी बहुसंख्य वसाहतींनी आपली शैवले बदलल्याचे आढळले.

दीड अंश ही लहान गोष्ट नव्हे. विरंजनाच्या उंबरठ्यावर तेवढाच फरक जीवनमरणाचा असतो. परंतु या लाभाची किंमतही लवकरच कळली. उष्णता सोसणारी ‘डी’ शैवले प्राण्याला अन्न कमी देतात. मॅग्नेटिक बेटाजवळील प्रयोगात ‘सी’ शैवले घेतलेली प्रवाळांची पिले ‘डी’ घेतलेल्यांपेक्षा दोन ते तीन पट वेगाने वाढली. प्रौढ वसाहतींतही ‘डी’ असताना वाढ सु. एक तृतीयांशाने घटते असे दिसले. वादळांनी मोडणारी व प्राण्यांनी कुरतडली जाणारी भित्ती टिकण्यासाठी वाढीचा वेग राखणे आवश्यक असते, म्हणून ही घट उपेक्षणीय नाही. शिवाय पाणी थंड झाल्यावर अनेक प्रवाळ पुन्हा जुन्याच शैवलांकडे वळतात, आणि पुष्कळ जाती तर एकाच प्रकारच्या शैवलाशी बांधलेल्या असून त्यांना ही निवड उपलब्धच नसते. यामुळे १९९३ ची कल्पना चुकीची ठरली असे नव्हे. तिची व्याप्ती मर्यादित आहे एवढेच म्हणता येते.

इराणच्या आखाताचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. इतर ठिकाणी प्राणघातक ठरेल अशा उन्हाळी तापमानात येथील प्रवाळ जगतात. अबू धाबीजवळील प्रवाळांत क्लॅडोकोपियम थर्मोफायलम ही उष्णतासह जाती प्राधान्याने असल्याचे २०१५ मध्ये कळले. गेल्या हिमकालात हे आखात कोरडे होते. म्हणजे तेथील सहजीवन समुद्र आत आल्यानंतरच्या काही हजार वर्षांत घडले. काहींनी यावरून प्रवाळांची लवचिकता मोठी आहे असा अर्थ काढला. तथापि काही हजार वर्षे आणि सध्याच्या तापमानवाढीची काही दशके यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. या आखातातील प्रवाळही अलीकडच्या उष्ण उन्हाळ्यांत मोठ्या प्रमाणावर मेले आहेत.

सूक्ष्मजंतूंचे कार्य : शैवलांच्या तुलनेने सूक्ष्मजंतूंकडे लक्ष उशिरा गेले. १९७९ मध्ये ह्यू डकलो व रॅल्फ मिचेल यांनी प्रवाळांच्या श्लेष्मात सूक्ष्मजंतूंची दाट वस्ती असते असे दाखविले होते. २००२ मध्ये फॉरेस्ट रोव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जननिक पद्धतीने पाहणी करून निरनिराळ्या प्रवाळजातींचे सूक्ष्मजंतू ठराविक व एकमेकांहून भिन्न असतात असे मांडले आणि प्राणी, शैवले व सूक्ष्मजंतू मिळून होणाऱ्या समग्र जीवसमूहास ‘होलोबायंट’ (संपूर्ण जीव) ही संज्ञा लावली. हे सूक्ष्मजंतू अनेक कामे करतात. काही हवेतील नायट्रोजन पाण्यातून घेऊन त्याचे स्थिरीकरण करतात, काही प्रतिजैव द्रव्ये स्रवून रोगकारक सूक्ष्मजंतूंना श्लेष्मात वाढू देत नाहीत, तर काही ऑक्सिजनाच्या विक्रियाशील रूपांचा नाश करतात. श्लेष्मातील संरक्षण उष्णतेच्या काळात ढासळते आणि व्हिब्रिओसारखे रोगकारक सूक्ष्मजंतू माजतात, हेही आढळले आहे.

या शाखेच्या आरंभीचा एक वाद उद्‌बोधक आहे. इझ्राएलमधील संशोधकांनी १९९६ मध्ये भूमध्य समुद्रातील ऑक्युलिना पॅटागोनिका या प्रवाळाचे विरंजन एका व्हिब्रिओ सूक्ष्मजंतूमुळे होते असे जाहीर केले. काही वर्षांनी तोच सूक्ष्मजंतू त्या प्रवाळाला बाधेनासा झाला. प्रवाळाला प्रतिपिंडे बनविणारी प्रतिरक्षायंत्रणा नसताना ही प्रतिकारशक्ती आली कोठून? आपल्या सूक्ष्मजंतूंची जुळणी बदलून, असे उत्तर याच गटाने २००६ मध्ये ‘प्रोबायोटिक गृहीतक’ म्हणून दिले. २००८ मध्ये ट्रेसी एन्झवर्थ व इतरांनी मूळ विरंजनात त्या सूक्ष्मजंतूचा हात होता हेच नाकारले. मूळ निरीक्षण वादग्रस्त ठरले, पण त्यातून निघालेली कल्पना टिकली.

या कल्पनेवर आधारित प्रयोग ब्राझीलमध्ये राकेल पेशोतो यांच्या गटाने केले. निरोगी प्रवाळांतून उपकारक सूक्ष्मजंतू निवडून, वाढवून ते त्याच जातीच्या प्रवाळांना देण्यात आले. २०१९ मध्ये पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस या जातीत विरंजन कमी झाल्याचे दिसले. २०२१ मध्ये मसिस्मिलिया हिस्पिडा या जातीत तापमानवाढीच्या प्रयोगानंतर जगणाऱ्यांचे प्रमाण ४०% ने वाढल्याचे प्रसिद्ध झाले. नंतर तांबड्या समुद्रातील प्रत्यक्ष भित्तीवर असे सूक्ष्मजंतू सोडण्यात आले. ते प्रवाळांत रुजले व आसपासच्या पाण्यात आणि गाळात इष्ट नसलेला बदल दिसला नाही, असे २०२४ मध्ये नमूद करण्यात आले. शैवलांच्या बाबतीत व्हान ओपेन यांच्या गटाने दुसरा मार्ग धरला. प्रयोगशाळेत ३१° से. तापमानात चार वर्षे वाढवून शैवलांचे दहा उष्णतासह वाण तयार करण्यात आले. बाहेर दहाही वाण उष्णतेत तगले. परंतु प्रवाळाच्या डिंभांत सोडल्यावर त्यांपैकी तीनच वाणांनी विरंजनाला विरोध करण्याची क्षमता वाढविली (२०२०). वेगळे वाढलेले शैवल आणि प्राण्याच्या कोशिकेत नांदणारे शैवल यांचे वर्तन एक नसते, हा या प्रयोगाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष म्हणावा लागेल.

हे सर्व प्रयोग टाक्यांत किंवा थोड्या चौ. मी. क्षेत्रावर झालेले आहेत. ग्रेट बॅरिअर रीफची लांबी सु. २,३०० किमी. आहे, तेथे सूक्ष्मजंतू वारंवार सोडणे व्यवहार्य नाही. म्हणून रोपवाटिकांत वाढविलेले प्रवाळ, पर्यटनाची लहान स्थळे किंवा विशेष मोलाच्या वसाहती यांपुरताच या उपायांचा विचार सध्या होतो. जलवायुमान बदलासंबंधीच्या आंतरशासकीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालानुसार जागतिक तापमानवाढ १·५° से. झाल्यास उष्ण कटिबंधीय प्रवाळभित्तींपैकी ७० ते ९०% व २° से. झाल्यास ९९% हून अधिक नष्ट होण्याचा संभव आहे. शैवलांच्या अदलाबदलीने मिळणारा दीड अंशाचा लाभ या आकड्यांशेजारी ठेवून पाहिला पाहिजे. भूतलाची सरासरी व भित्तीवरील विरंजनाचा उंबरठा ही दोन वेगळी मापे असली, तरी पाणी तापतच राहिले, तर हा लाभ केव्हातरी संपणारा आहे, यात दुमत नाही.

भारतीय समुद्रांत मानारचे आखात, कच्छचे आखात, अंदमान व निकोबार आणि लक्षद्वीप येथे प्रवाळभित्ती आहेत. ज्या लक्षद्वीपात गार्डिनर यांनी शैवलांविषयी आपले मत बनविले, तेथे १९९८, २०१० व २०१६ मध्ये तीव्र विरंजने झाली. आगत्ती, कदमत व कवरत्ती या बेटांवरील पाहण्यांनुसार १९९८ मध्ये तळाचा सु. ३७% भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. २०२२ पर्यंत हे प्रमाण २०% च्या खाली आले. प्रत्येक पुढील विरंजनात मरणाऱ्यांचे प्रमाण आधीपेक्षा कमी होते, म्हणजे उरलेले प्रवाळ अधिक काटक होते असे दिसते. परंतु दोन विरंजनांमधील अवधी पुरेसा नसल्याने भित्ती पूर्ववत होऊ शकल्या नाहीत. महाराष्ट्रात मालवणच्या सागरी अभयारण्यात (स्थापना १९८७) खडकांवर लहान प्रवाळवसाहती असून तेथेही गेल्या दशकात विरंजन नोंदले गेले आहे. येथील पाणी पावसाळ्यात गढूळ व कमी खारट होते. अशा पाण्यात तगलेल्या वसाहतींतील शैवले व सूक्ष्मजंतू यांचा सविस्तर अभ्यास लक्षद्वीपातील स्वच्छ पाण्याच्या भित्तींशी तुलना करण्यास उपयुक्त ठरेल.